नऊ नंबरच्या अक्का

लोककथा जमवीत मी पुढे पुष्कळ गावे हिंडलो. परंतु गोष्टी कशा साठतात, हे मला प्रथम कळले ते बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात, तिथल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या लोखंडी कपाटापाशी. नव्वदच्या दशकात काही वर्षे मी अशी जुनी एक्स्चेंजेस सांभाळणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरीला होतो. यंत्र बिघडल्यावाचून आम्हांला कोणी बोलावीत नसे. साहजिकच आमच्याजवळच्या साऱ्या गोष्टी बिघाडाच्या. एकाने एक सांगितली की दुसऱ्याला दुसरी आठवते, आणि हसून झाल्यावर ध्यानात येते की प्रत्येकीत कोणाचे तरी काहीतरी गेलेले आहे.

*

त्या यंत्राला पडदा नव्हता. सारे प्रोग्रॅमिंग ऑपरेटरच्या फोनवरून आकडे दाबून करायचे. आकडे नियमात बसले की एक लांब 'पीऽऽ', न बसले की तीन तुटक. मात्र नियमात बसणारी चूक यंत्र आनंदाने स्वीकारी! पहिल्याच आठवड्यात मी कँटीनचा आणि जनरल मॅनेजरांचा नंबर एकमेकांत बदलून ठेवला. सकाळी साहेबांचा फोन वाजला.

"ए, चार चहा पाठव! कालच्यासारखं गटाराचं पाणी नको!"

साहेबांनी शांतपणे विचारले, "कोणत्या विभागाला?"

त्या विभागाचा चहा महिनाभर बंद होता.

माझे ज्येष्ठ सहकारी वेंकटण्णा, कित्येक पिढ्या बेंगळुरात रुजलेल्या मराठी घराण्यातले, हसले नाहीत. म्हणाले, "यंत्र वाईट नाही रे. तू सांगितलंस तेवढंच करतंय. भय त्याचंच."

*

कारखान्याच्या ऑपरेटर सरोजाक्का. त्याही तिथल्या जुन्या मराठी घरातल्या. दसऱ्याच्या आयुधपूजेला त्यांनी एक्स्चेंजला इतक्या भक्तीने कुंकू वाहिले की ते फटीतून आत उतरले आणि निम्मे फोन मुके झाले. वेंकटण्णा ब्रशने आतले एकेक सर्किट-कार्ड झाडीत बसले.

"अक्का, कृपा स्वल्प जास्त झाली!"

"सरी, सरी, बरं. पुढच्या वर्षी नुसतं फूल ठेवते. तुमच्या यंत्राला देवी सोसत नाही!"

माणूस यंत्राची पूजा कृतज्ञतेने करतो, अशी आपली समजूत असते. त्याच दिवशी मी प्रेस शॉपमध्ये डोकावलो. ओळीत पत्रा दाबून कापणाऱ्या सहा प्रेस होत्या. तिसऱ्या प्रेसला सर्वांत जाड हार होता. "ही चांगली चालते वाटतं?" मी फोरमन सिद्दप्पाला विचारले.

"हिने सगळ्यांत जास्त बोटं घेतलीत," तो म्हणाला.

*

प्रेस शॉप आवाराच्या पार टोकाला. तिथल्या एकुलत्या फोनवरून कामगार क्रिकेटचा स्कोअर विचारतात, अशी तक्रार झाली आणि मॅनेजरांनी त्या फोनची बाहेरची लाइन बंद करवली. मीच केली; आठ आकडे, एक 'पीऽऽ'. त्यानंतर बाहेरच्या लाइनसाठी शून्य दाबले की फक्त एंगेज टोन. नऊ दाबून अक्कांना विनवणे, एवढाच मार्ग उरला. आणि अक्कांनाही जोडून न देण्याची ताकीद होती.

सिद्दप्पाची मुलगी माहेरी, होसकोटेला, बाळंतपणात अडली होती. दिवसभरात अक्कांनी त्याला पाच वेळा दवाखाना जोडून दिला. मॅनेजरांनी जाब विचारला, तेव्हा म्हणाल्या, "बोट चुकून लागलं, सर."

"पाच वेळा?"

"पाच बोटं आहेत, सर!"

मूल वाचले नाही. ते सिद्दप्पाला सांगायला अक्का उन्हातून आवार ओलांडून स्वतः चालत गेल्या. फोनवर नाही सांगितले.

*

मग एक नवे कार्ड आले. ते बसवले की आलेला फोन यंत्रच उचलणार, यंत्रच बोलणार; ऑपरेटरची गरज संपली. कारखान्यात सगळ्यांत स्वच्छ उच्चार अक्कांचे, म्हणून ध्वनिमुद्रणही त्यांनीच करावे असे ठरले! त्यांनी ते विनातक्रार केले. कन्नडमध्ये त्या म्हणाल्या, "नमस्कार. हव्या त्या विभागाचा नंबर दाबा." आणि लिहून दिलेल्या कागदाबाहेर, सवयीने, "घाबरू नका. थांबा, मी जोडून देते."

वेंकटण्णांनी ते पुसले नाही. "राहू दे," म्हणाले.

उठताना अक्कांनी मला विचारले, "मी गेल्यावर प्रेसवाल्यांचं काय रे? त्यांचं शून्य उघडशील?"

मी मॅनेजरांकडे गेलो. "पुढच्या आठवड्यात लेखी देतो," ते म्हणाले. लेखी आल्याशिवाय बंद लाइन उघडायची नाही, असा आमच्या कंपनीचा नियम. मी वाट पाहिली. दरम्यान अक्कांच्या रिकाम्या खोलीत नऊ नंबर वाजत राहतो, म्हणून ऑफिसातून तक्रार आली. तिला लेखी लागत नव्हते. मी नऊ नंबर त्या कार्डाकडे वळवला. 'पीऽऽ'.

*

शेवटची गोष्ट मला प्रेस शॉपमधल्याच एकाने सांगितली. अक्कांना निरोपसमारंभ झाला नव्हता. त्या गेल्या त्या आठवड्यात सिद्दप्पा गावी जत्रेला होता. परतला, त्याच दुपारी तिसऱ्या प्रेसखाली एकाचा हात कोपरापर्यंत गेला. कारखान्याची गाडी माल घेऊन बाहेर होती. सिद्दप्पा फोनकडे धावला. शून्य: एंगेज. नऊ.

पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"अक्का, हात गेला! ॲम्ब्युलन्सला लावा! रक्त थांबत नाही, अक्का!"

पलीकडचे ऐकून त्याने रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगितले, "पळू नका कुणी! अक्का आहेत. थांबा म्हणाल्या, जोडून देतायत."