चेअरमन आप्पांचा बास

चेअरमन आप्पा खाली वाकत नसत. हातातून किल्ली पडली तर ते दुसरीकडे पाहत उभे राहायचे. तेवढ्यात कोणी ना कोणी ती उचलून देई. पूर्वी कधीतरी ते सोसायटीचे चेअरमन होते, एवढ्यावर हा ताठा उभा होता. लोणखेड्यात एकदा चेअरमन झालेला माणूस माजी होत नाही. मी तिथल्या कॉलेजात शिकवायचो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो.

आप्पांनी होम थिएटर आणलं ते "घरले शोभा पाहिजे" म्हणून. खरं कारण शेजारपाजारच्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या पत्नीचे, म्हणजे काकूंचे, कान गेले होते. पूर्वी जेवणानंतर टीव्हीसमोर आप्पा सोफ्यावर बसत आणि काकू स्वयंपाकघराच्या उघड्या दाराच्या फळीला पाठ टेकून चटईवर; चहाला उठायला ती जागा सोयीची. ऐकू येईनासं झालं तशा त्या आतच बसू लागल्या. "नुसता तोंडं हालतस," म्हणायच्या. कानाचं मशीन टोचतं म्हणून डब्यात गेलं. मग एकदा रस्त्यावरून वरातीचा डीजे गेला आणि काकू पदर सावरत ओट्यावर आल्या. "ढोल उना!"

आप्पांनी ते धरून ठेवलं. "तिले ऐकू येस नही, पन दणका समजस," ते मला म्हणाले. "ती परत भायेर बठाले पाहिजे. बस."

फिटर आला, त्याने वूफर, म्हणजे दणक्याचा मोठा खोका, सोफ्याशेजारी ठेवला. रिसीव्हरने टीव्हीच्या पडद्यावर प्रत्येक स्पीकरबद्दल विचारलं: लहान की मोठा? मी वाचून दाखवलं, आणि आप्पांचा चेहरा बदलला. "मन्हा घरमा ल्हाना काबरं?" फिटरने निमूटपणे सगळे मोठे केले. परिणाम असा की टीचभर स्पीकर जड आवाज पेलता पेलता फुरफुरू लागले, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो वूफर बहुतेक वेळ गप्प. लहान म्हणजे हलका नव्हे, त्याच्या वाट्याचा जड आवाज वूफरकडे पाठवायचा एवढाच अर्थ, हे पटवायला मला बराच चहा प्यावा लागला.

"म्हंजे जड माल ट्रकमा, नि भाजीपाला सायकलवर?"

"तेच."

"मंग तसं लिखानं व्हतं ना त्यास्नी!"

स्पीकर लहान झाले. वूफर बोलू लागला. सोफ्यावर बसलं की हातातला कप थरथरे. काकूंच्या चटईवर मात्र शुकशुकाट. बंद खोलीत हा जड आवाज, म्हणजे बास, एका जागी साचतो आणि दोन पावलांवर नाहीसा होतो. काकूंनाच सोफ्यावर बसवावं, असं मी सुचवलं. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घटस्फोट सुचवला होता.

"ती सोफावर बठनार नही. बास तठे लई जावाना."

माहितीपुस्तकात एक युक्ती होती. वूफर ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत, जमिनीजवळ कान नेत फिरायचं. जिथे आवाज भरीव लागेल ती वूफरची जागा. मी पॅंट वर ओढून तयार झालो.

"तुम्ही ऱ्हाऊ द्या, सर. मीच रांगसू."

कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आप्पा चार पायांवर आले. चटईवर वूफर विराजमान होता, गावच्या कानबाई देवीच्या मिरवणुकीच्या व्हिडिओतला ढोल चालू होता. अशात ग्रामपंचायतीला उभा राहणारा एक जण आशीर्वादाला आला. तो सवयीने पाया पडायला वाकला, पण पाय समोर नव्हते.

"आप्पा, काय पडनं का खाले?"

"काही नही. बठ. बास शोधी ऱ्हायनू."

बास सापडला तो सन्मानचिन्हांच्या शोकेसखाली. शाल-श्रीफळाच्या फोटोंसकट ते शोकेस आम्ही तिघांनी आतल्या खोलीत ढकललं. आशीर्वाद त्याला त्यानंतरच मिळाला. वूफर त्या जागी गेला, ढोल पुन्हा लावला. स्वयंपाकघरातली ताटं किणकिणली. काकू डाळ पाखडायचं सूप हातात घेऊनच बाहेर आल्या, चटईवर बसल्या, फळीला पाठ टेकली आणि थोडा वेळ हलल्याच नाहीत.

"हाऊ ते आपला ढोल शे!" त्या मोठ्याने म्हणाल्या. आप्पा टीव्हीकडे पाहत राहिले.

तेव्हापासून सोफ्यावर बास उरला नाही. डामडौल पाहायला आलेले पाहुणे हिरमुसत. "आप्पा, बास काही येत नही." आप्पा हनुवटीने दाराशी बसलेल्या काकूंकडे दाखवत. "तो तठे शे. तिन्हाजोडे." एवढ्या खर्चाचं थिएटर पाहुण्यांसमोर फिकं वाजतं, हे त्या माणसाने कसं सोसलं, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे मी दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेलो. काकू गेल्याचं उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा सोफा रिकामा होता. आप्पा चटईवर बसले होते, फळीला पाठ टेकून. मला त्यांनी सोफ्यावर बसवलं. टीव्हीवर कसलीशी मिरवणूक चालली होती आणि माझ्यापर्यंत नुसता चिवचिवाट येत होता.

"वूफर आता सोफ्याकडे आणता येईल," मी म्हणालो. "शोकेसही परत जागेवर बसेल."

"नको. अठे बरं शे."

त्या जागी बसणाऱ्याला चहासाठी उठावं लागतं. आप्पा जमिनीला हात टेकून उठले आणि आत गेले. "साखर चालस ना, सर?" आतून विचारलं. मग चमचा पडल्याचा आवाज झाला. मी सवयीने उठलो, दारापर्यंत पोचलो, तोवर तो उचललाही गेला होता.