वायंगणकर ते वाइगांड, व्हाया अलास्काची टोपी

संग्रहालयाचं नाव लिहीत नाही, शहराचंही नाही. डोकं अजून तापलेलं आहे. ब्राउनश्वाइगहून सकाळची रिजनल गाडी धरा, हॅनोवरला बदला. डॉइचलँडटिकेटचा मासिक पास असेल तर वेगळा खर्च नाही. प्रवेश अकरा युरो, मुलांना फुकट. कॅफेतलं सूप घेऊ नका. आम्ही थालीपिठं नेली होती.

निघालो तेव्हा खुशीत होतो. सोमवारी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात, टेर्मिन होती, आधी ठरवून घेतलेली वेळ. नागरिकत्वाबरोबर इथे नाव जर्मन वळणाचं करून घेता येतं, आणि मी फॉर्मवर वायंगणकरचं 'वाइगांड' करून ठेवलं होतं. बारा वर्षं ऑफिसात 'हेर वायन... वाय...' ऐकून विटलो होतो. नऊ वर्षांच्या इराच्या मागे तरी ते नको. बायको मानसी एवढंच म्हणाली, "तुझं आडनाव, तू बघ."

वरच्या मजल्यावर काचेत एक कोरीव लाकडी टोपी होती. खाली पाटी: 'टोपी, लाकूड, अलास्का.' बस. समोर सत्तरीची एक बाई त्या टोपीशीच मोठ्यानं बोलत होती, आम्हाला अगम्य भाषेत. इतक्यात पहारेकरी आला.

"बिटे लायझे! इथे हळू बोलायचं."

बाई गप्प झाली आणि माझं टाळकं सरकलं. "त्या कुणाला त्रास देतायत? हॉलमध्ये आम्ही चौघंच आहोत!" मी जर्मनमध्ये ओरडलो. "नियम आहे," म्हणून तो निघून गेला.

बाई इंग्रजीत म्हणाली, "मी त्लिंगित, अलास्काच्या मूळ रहिवाशांपैकी. ही माझ्या कुळाची टोपी. तिला माझी ओळख देत होते. आमच्या लोकांच्या दोन बाजू, त्यातल्या मी डोमकावळ्याच्या बाजूची, कुठल्या कुळाची, कुठल्या घराची, कुणाची नात. ओळख न देता समोर कसं उभं राहायचं? आमच्या कुळाचं नाव गावावरून पडलंय. ते गाव कधीच सुटलं, पण आम्ही तिथलेच. आणि पाटीवर काय, तर अलास्का!" मग तिने विचारलं, "तुम्ही कुठले?"

मी तोऱ्यात सांगितलं. मालवणजवळचं वायंगणी, त्यावरून आम्ही वायंगणकर. तिथली गावपळणही सांगितली: दर काही वर्षांनी अख्खं गाव, गुरंढोरं, कोंबड्यांसकट वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातं आणि देवाचा कौल मिळाला की मगच परततं.

"बाहेर असता तेव्हा तुम्ही कुठले?"

"वायंगणीचेच की!" मी फटकन बोललो. मानसीने माझ्याकडे पाहिलं. मी टोपीकडे बघत राहिलो.

परतीच्या गाडीत मी त्या पाटीच्या नावाने बोटं मोडत होतो. साधं गावाचं नाव लिहायला यांना काय जड होतं? इरा थालीपीठ खात ऐकत होती. तिने जर्मनमध्येच विचारलं, "पापा, वाइगांड हे गाव कुठे आहे?"

त्या पाटीवाल्याला शिव्या घालत होतो, आणि तेच काम मी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात करून ठेवलं होतं.

घरी आल्यावर बूटही न काढता फॉर्म फाडला. "अरे, टेर्मिन जाईल! पुन्हा मिळायला महिने लागतात," मानसी म्हणाली. जाऊ दे म्हटलं. बेलशेजारच्या पट्टीवर जागा पुरत नाही म्हणून इतकी वर्षं नुसतं 'वायन' होतं. नवी पट्टी कापली, अक्षरं बारीक केली, पूर्ण नाव बसलं. सहज बसलं, याचाच सगळ्यात जास्त राग आला.

इराने खाली जाऊन बेल दाबली. "कोण?" मी वरून इंटरकॉमवर विचारलं.

"इरा वायंगणकर," ती मराठीत म्हणाली, "वायंगणीची."

ती वायंगणीला एकदाही गेलेली नाही.