बाल्कनीतला चितोड

आमच्या शेजारणीचे वडील चितोडहून इथे अमिरातीत, अल ऐनला आले आणि गप्पच झाले. तिची आई गेल्यावर तिने त्यांना कायमचं इकडे आणलं होतं. त्यांचं घर थेट किल्ल्यावर, तटाच्या आत. तिथे अजून वस्ती आहे. त्या घराला कुलूप लावून ते आलेले. "दीदी, बाबूजी ना ठीक से खाते हैं, ना बात करते हैं," सांगताना तिचे डोळे भरून यायचे. ऐकून माझा जीव तुटायचा.

तो किल्ला मी पाहिला होता. गेल्या हिवाळ्यात, तिच्याच आग्रहाने. जाताना माझं नाक वरच होतं. आम्ही सह्याद्रीकडची माणसं. घाम न गाळता चढला तो गड कसला? इथे तर रिक्षा वरपर्यंत जाते म्हणे! एकेक दरवाजा मागे पडत गेला, सातवा ओलांडला आणि माझी बडबड आपोआप बंद झाली. वर देवळं, महाल, तळी, शेतं, कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या. अख्खं गाव डोंगराच्या माथ्यावर सुखाने नांदत होतं. विजयस्तंभावर खालपासून वरपर्यंत देवच देव कोरलेले. मान दुखली तरी नजर खाली येईना. जोहार झाला त्या जागी आता हिरवळ आहे. तिथे चपला काढल्या, पण हात जोडायचंही भान राहिलं नाही.

आणि गोमुख कुंड! कड्याच्या टोकाशी, इतक्या उंचावर, दगडी गायीच्या मुखातून पाण्याची धार पडत होती. दिवसभर फोनमध्ये डोकं घातलेली माझी लेक पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, कॅन वी जस्ट सिट हिअर?" या पोरीचा जन्मच अल ऐनचा. दगड पाहून ती गप्प बसेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

म्हणून या दिवाळीत आम्ही बाबूजींसाठी बाल्कनीत चितोड केला. इथली वाळू काही केल्या उभी राहत नाही, म्हणून नर्सरीतून माती आणली. गोमुखासाठी वाटी पुरली, उतारावर अळीव पेरले. मग खोक्यातली चित्रं काढून मावळे मांडले आणि माथ्यावर, दर वर्षीसारखं, महाराजांना बसवलं. बाबूजींना बघायला बोलावलं, ते दारात आले, तेव्हा कुठे लेक कुजबुजली, "आई! धिस इज चितोर!"

 रुसलेल्या माणसाला खुलवायला जावं आणि त्याच्याच गडावर आपले राजे बसवावेत!

बाबूजींनी बाल्कनीच्या उंबऱ्याशी जोडे काढले. वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"सॉरी बाबूजी, आदत है हमारी," म्हणत मी महाराजांना उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"रहने दो, बेटी. इनके पुरखे तो मेवाड़ के ही माने जाते हैं. अपने घर आए हैं."

त्यांच्यामागून आलेली शेजारीण तोंडावर पदर धरून उभी होती. बाबूजींचं बोट तटाच्या आतल्या बाजूने सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. "यहाँ हम रहते हैं." लेकीने काड्यापेटी आणून तिथे घट्ट रोवली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात बाबूजी, हातात पाण्याने भरलेला लोटा.

"बीज बोए हैं, पानी कौन देगा? चित्तौड़ को प्यासा नहीं रखते," त्यांनी मला चक्क दटावलं. बोलताना ते काहीतरी चावत होते आणि मिशीला पराठ्याचा कण चिकटला होता.