ग दाबला की

सकाळी सुरू केलेला संगणक पूजा आटोपून, चहा पिऊन आलं तरी पुरता उघडलेला नसे. उद्धव गुरुजी त्याच्यावर चिडत नसत. अमरावतीत त्यांच्याकडून वास्तुशांत, मुंज करवून घेणारी पुष्कळ घरं होती. हल्ली सगळ्यांना पत्रिका छापलेलीच लागे, आणि पत्रिकेचा प्रोग्राम त्या खोक्यात होता. पण खोकं तापायचं आणि आपोआप बंद पडायचं. मुलामुलीचे गुण जुळायच्या आत पडदा काळा.

अकोल्याला शाळेत शिकवणारी लेक श्रावणी फोनवर सारखी म्हणे, "बाबा, नवीन घ्या, नाहीतर दुरुस्त तरी करून घ्या." गुरुजी हो म्हणत आणि ते राहून जाई. कारण लेकीलाही सांगण्यासारखं नव्हतं.

इंटरनेटवर शोधायच्या चौकटीत ग दाबला की खाली काही ओळी उलगडत. त्यांच्या बायकोने, गोदावरीने, कधीकाळी विचारलेल्या. 'गवारीच्या शेंगा जून निघाल्या तर'. 'गुडघ्याला एरंडाचं पान'. आणि त्याखाली, 'गाठ दुखत नसली तर'.

गोदावरी गेल्यावर गुरुजी एकदा गव्हाचा भाव पाहायला बसले, तेव्हा ही ओळ त्यांना पहिल्यांदा दिसली. मग त्यांनी एकेक अक्षर दाबून पाहिलं. 'न' या अक्षरावर आणखी एक निघाली. 'नवरात्र झाल्यावर दाखवलं तर चालेल का'.

घरी घट बसले की अखंड दिवा. दिवा तेवत असताना घर रिकामं ठेवायचं नाही, हा त्यांच्या घराचा नेम. गुरुजी सप्तशतीच्या पाठांना गावभर फिरत, आणि दिव्यापाशी गोदावरी बसे. त्या नवरात्रानंतर दिवाळी आली, मग तुळशीची लग्नं, मग लग्नसराई. माघात तिने सांगितलं. डॉक्टर फक्त म्हणाले, उशीर केला.

त्या ओळीवर जाऊन काय उघडतं, हे गुरुजींनी एकदाच पाहायचा प्रयत्न केला होता. पडद्यावर चकती गरगरत राहिली आणि संगणक बंद पडला. तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर ते संध्याकाळी नुसता ग दाबत, ओळी वाचत आणि उठत.

शेवटी श्रावणीनेच परस्पर फोन करून धर्मेंद्रला धाडलं. संगणक दुरुस्त करणारा, बोलका पोरगा. त्याने खोक्याचं झाकण काढलं आणि बघतच राहिला. पंख्याच्या पात्यांत तांदूळ अडकलेले, कुंकवाचा थर, झेंडूची एक वाळकी पाकळी.

"गुरुजी, हे कावून टाकलं आतमंदी?"

"दसऱ्याला पूजा करायची ती. यंत्र म्हणून."

"मंग वरतून करा न. जाळीतून अक्षता टाकल्यावर पंखा फिरन कसा? तरी तुमचं बरं हाय. एका गिऱ्हाईकानं त यावर नारळ फोडला होता."

"तो आमचा यजमान नसेल," गुरुजी म्हणाले.

धर्मेंद्र हसला. ब्रशने दाणे झाडून त्याने कागदाची पुडी केली आणि ती केराकडे न्यायला निघाला. गुरुजींनी हात पुढे केला. पुडी घेऊन ते अंगणात गेले आणि दाणे तुळशीच्या मातीत सोडून आले.

"तापणं गेलं," धर्मेंद्र म्हणाला. "पण नेट अजून रडूनच राहिलं. लय कचरा साचला हाय. पूरा साफ करतो. पासवर्ड लिहून हायेत न?"

"आहेत. पत्रिका जातील का?"

"पत्रिकेले हातबी नाही लावत. अजून काही ठेवायचं हाय?"

गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. ग दाबला की जे येतं, ते ठेव. पण मग हा विचारणार, काय येतं. आणि ते मोठ्याने वाचून दाखवावं लागणार.

"नाही," ते म्हणाले.

धर्मेंद्रने एक बटण दाबलं. खुर्चीवरून उठत म्हणाला, "आता टाका काहीबी. पाहा कसं पयते."

गुरुजींनी ग दाबला. खाली सरसर ओळी आल्या. गणपतीच्या आरत्या, गाड्यांच्या किमती, गाण्यांची नावं. कुठल्या कुठल्या लोकांचं काय काय.

"पयते," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळी श्रावणीचा फोन आला. "चालते न आता नीट?"

"जोरात चालते. पोरगा हुशार आहे."

"मी केव्हाची सांगून राहिली होती."

"हो बाई."

फोन ठेवून ते संगणकापुढे बसले आणि एका बोटाने, चुकत दुरुस्त करत, त्यांनी लिहिलं, 'गाठ दुखत नसली तर'. चकती फिरलीच नाही. पापणी लवायच्या आत पान समोर. पहिलंच वाक्य होतं, दुखत नसली तरी गाठ लगेच डॉक्टरांना दाखवावी, थांबू नये.

गोदावरीने हे वाचलं असणार. वाचून उठली असेल, आणि दिव्यात तेल घातलं असेल.

गुरुजींनी पान बंद केलं. जरा वेळाने पुन्हा ग दाबला. 'गाठ दुखत नसली तर' ही ओळ सगळ्यांच्या वर आली. पण आता ती त्यांनी विचारलेली होती.