शेंदराखालचा गँगमन

आमच्या गावाचा मला मनापासून राग आहे आणि या वयातही तो उतरलेला नाही. श्रीरामपूरच्या अलीकडचं ते छोटं स्टेशन. गावात जे काही होतं ते रेल्वेनं दिलेलं: पेठ, कापसाची वखार, व्यापाऱ्यांची सुटलेली पोटं. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास या पोटांना कृतज्ञता सुचली. स्टेशनसमोर रेल्वेचं स्मारक उभारायचं ठरलं. खांद्यावर पहार घेतलेला, रुळावर राबणाऱ्या गड्याचा पुतळा.

नमुना म्हणून उभं राहायला माझ्या वडिलांना बोलावलं. ते गँगमन होते, ऐन उन्हात रुळाखाली खडी ठासायचे. नगरहून आलेल्या मूर्तिकाराला त्यांचे खांदे पसंत पडले. आम्ही महारवाड्यातले. वखारीचा शेठ या सगळ्या उद्योगाचा पुढारी होता. वडिलांशी बोलताना तो लांब उभा राहायचा आणि त्यांना तहान लागली तर पाण्यासाठी महारवाड्यापर्यंत चालत यावं लागे.

पुतळा सिमेंटचा झाला आणि हुबेहूब झाला. जाड भुवया, पुढे आलेली हनुवटी, सगळं तेच. पण तो चौथऱ्यावर चढण्याआधीच वडील हिवतापानं गेले. घरात त्यांचा फोटो नव्हता, ती चैन आमच्याकडे कुणी केलेली नव्हती. त्यामुळे आईला नवऱ्याचं तोंड बघायचं तर स्टेशनसमोर जावं लागे. बाजाराच्या दिवशी मला घेऊन ती चौथऱ्याखाली उभी राहायची, डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि घरी निघताना म्हणायची की आज बरे दिसले. मला त्याची मोठी ऐट वाटायची.

मग वखारीला आग लागली. इंजिनाची ठिणगी उडून कापसाच्या गाठी पेटल्या आणि आग पेठेकडे सरकत पुतळ्यापाशी येऊन थांबली. वारा फिरला होता, दुसरं काही नाही. पण त्या गावाचा हात शेंदराकडे जायला एवढं पुरेसं असतं. शेठनं नारळ फोडला, त्याच्या बायकोनं तेल-शेंदूर लावला आणि पुढच्या मंगळवारी पुतळ्यासमोर रांग लागली. माझा बाप पेठेचा राखणदार देव झाला.

जिवंतपणी ज्यांनी त्याची सावली चुकवली, ते आता त्याच्यापुढे नाक घासू लागले. हसण्यासारखीच गोष्ट, पण आम्हाला हसायची सोय नव्हती. दर मंगळवारी शेंदराचा थर चढत गेला. आधी भुवया बुजल्या, मग डोळे, मग हनुवटी. आई शेठच्या ओट्याखाली उभी राहून विनवून आली की अंगाला हवा तेवढा लावा, तोंड तेवढं मोकळं ठेवा. देवाचं तोंड ठरवणारी तू कोण, असं त्यानं विचारलं आणि चौथऱ्याकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं.

पुढच्या बाजारी आईनं कमरेला खुरपं खोचलं. भर दुपारी सगळ्या पेठेदेखत ती चौथऱ्यावर चढली आणि गालावरचा शेंदूर खरवडू लागली. माणसं धावली. शेठ अनवाणीच पळत आला.

“खाली उतर. देव बाटवलास,” तो म्हणाला.

आईनं मागे वळूनही पाहिलं नाही. “माजं धनी हायेत त्ये,” ती म्हणाली. “माज्या हातचं खाऊन जगलं, तवा न्हाई बाटलं.”

तिला हात लावायला कुणी तयार नव्हतं, म्हणून काठ्यांनी ढोसून खाली उतरवलं. तिनं एक गाल आणि एक भुवई मोकळी केली होती. पुजाऱ्याला बोलावणं गेलं, गोमूत्राची कळशी आली. आम्ही दोघी रस्त्यापलीकडे उभ्या होतो. त्यांनी त्या गालावरून, त्या भुवईवरून गोमूत्र ओतलं, मंत्र म्हटले. माझ्या बापाला त्याच्याच बायकोचा विटाळ झाला होता आणि गाव तो धुऊन काढत होतं. मग ओल्या तोंडावर नवा शेंदूर थापला. आई शेवटपर्यंत बघत राहिली. त्यानंतर ती स्टेशनच्या रस्त्यानं कधी गेली नाही.

मी तेव्हा लहान होते. आज वडिलांचा चेहरा आठवायला गेले की शेंदूरच डोळ्यांसमोर येतो आणि त्याबद्दल त्या गावाला मी माफ करणार नाही.