मुकादमबाईंचं उपाशी मशीन

मुकादमबाईंचा सगळ्यात जास्त राग ‘आपोआप’ या शब्दावर. राहुरीतल्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही लिहिलेल्या कोडमधून केंद्रावर बसवायचा प्रोग्राम तयार करणं हे बाईंचं काम. त्यात कोणते जास्तीचे भाग घ्यायचे, तो कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचा, हे त्या ठरवत. नजर अशी, की समोरचा काही न करताच ओशाळायचा. म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. माहेर पाथर्डीकडचं, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तोडणीच्या टोळ्या हाकणारे खरे मुकादम त्यांनी पाहिले होते, त्यामुळे नावाला त्या नुसत्या हसायच्या.

जास्तीचा भाग मशीनवर सापडला तर आपोआप घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा, अशी एक सोय असते. आम्हाला ती फार आवडे. बाई आधी तीच बंद करत. प्रत्येक भागाला स्पष्ट हो किंवा नाही. आणि हो म्हटलेला भाग मिळाला नाही, तर काम तिथंच थांबलं पाहिजे. “तितं असंल म्हनून घरून तवा न्हाई नेला, तर उसाच्या फडावर भाकरी कशावर भाजनार?” असं त्या विचारत.

फायली वाटेल तिथं टाकलेल्याही त्यांना खपत नसत. सगळं एका वेगळ्या फोल्डरात हवं. “दुसऱ्याच्या रानात ऱ्हायला पाचटाची कोपी घालायची तर कडंला घालावी. जाताना चुलीचं दगुड बी उचलून न्यावं.” मग बसवलेला प्रोग्राम त्या स्वतःच काढून टाकत आणि मागे काही उरलंय का, ते पोलिसासारखं हुडकत बसत.

मला मात्र एकच हवं होतं. या बाईनं एकदा तरी माझं काम न तपासता जाऊ द्यावं.

कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. तपासायचा प्रोग्राम सोडून त्यावर काहीही टाकायचं नाही, असा बाईंचा दंडक. त्याला त्या ‘उपाशी मशीन’ म्हणत. बेलापूरजवळच्या एका केंद्राचा प्रोग्राम एकदा मीच तयार केला, तो माझ्या मशीनवर झकास चालला. बाई म्हणाल्या, “तुमच्या मशीनीला तुमी रोज खाऊ घालता. ती व्हय म्हननारच.” उपाशी मशीनवर प्रोग्राम उघडलाच नाही. ‘आपोआप’ची सोय मी चालूच ठेवली होती; पावती छापायचा भाग माझ्या मशीनवरून गुपचूप आत शिरला होता, आणि त्याला लागणारी फाईल इथं नव्हती. सकाळी कॅन घेऊन खोळंबलेली रांग माझ्या डोळ्यांपुढे आली. बाईंनी नुसती खुर्ची माझ्याकडे सरकवली, त्याचाच मला जास्त राग आला.

यंदा नवऱ्याची बदली झाली आणि बाई निघाल्या. शेवटच्या दिवशी टेबल लख्ख, भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळासुद्धा उपटलेला. मी नवा प्रोग्राम दाखवायला गेलो. त्या पर्स उचलत म्हणाल्या, “द्या पाठवून, भाऊ.” बघितलंसुद्धा नाही.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि माझा त्यावर विश्वासच बसेना. ही बाई अशी सोडेल? काहीतरी नक्की दिसलं असणार, मुद्दाम गप्प असणार. त्यांची रिक्षा वळेपर्यंत मी दारात थांबलो. मग पेनड्राइव्ह घेऊन गुपचूप कोपऱ्यात गेलो.

उपाशी मशीन सुरू करून ठेवलेलं होतं. समोर खुर्चीही ओढून ठेवली होती.