डोंगामामांचा घाट

डोंगामामांनी जन्मात कुणाला डावं-उजवं सांगितलं नसेल. "चिचेच्या अंगानं घेतो," म्हणायचे आणि डोंगा, म्हणजे त्यांची छोटी होडी, वळवायचे. चिंच कुठे? धरणाच्या पाण्याखाली! बुडालेल्या गावातली झाडं, विहिरी, पार, सगळं त्यांच्या डोक्यात जागच्या जागी उभं होतं. केशोरीकडून पैलकाठच्या शाळेत शिकवायला मी बारा वर्षं त्यांच्याच डोंग्यातून गेलो.

बोलणं एकदम फटकळ. उन्हात मी छत्री उघडली की ओरडायचे, "मिटवा ते! वारा धरून राहिली. वल्हं मी मारू का तुमची छत्री?"

त्यांना दिसेनासं झालंय हे मला फार उशिरा कळलं, याची आजही लाज वाटते. एका सकाळी त्यांनी विचारलं, "धुकं हाय का जी, गुरुजी?" ऊन लख्ख पडलं होतं. मी गप्प झालो, तसे ते समजले.

"कुणाले सांगू नोका. डोंगा सुटला त मी घरी बसून काय करू? भिंती पाहू?"

मी शाळेतलं होकायंत्र आणलं. मामांनी ते नेमकं लोखंडी साखळीशेजारी ठेवलं आणि अगदी जवळ वाकून पाहिलं. "तुमची उत्तर त माह्या साखळीकडंच धावून राहिली!" मग त्यांच्या मोबाईलवरचं जीपीएस. त्यात उत्तर कायम वरच्या बाजूला, आणि मामा वरची बाजू म्हणजे डोंग्याचं तोंड समजायचे. डोंग्याबरोबर नकाशा फिरेल अशी सेटिंग केली, तर आमच्या संथ चालीनं बाणच भांबावला. शेवटी मी घाटावर उभं राहून मोबाईलच्या नकाशात ती जागा खूण केली आणि जवळ आलं की शिट्टी वाजेल असं लावून दिलं. दिवाळी नुकतीच झाली होती, धरण काठोकाठ भरलेलं. मामा पोरासारखे हसले. "आता हे बोंबलते अन् मी लावतो."

पुढे त्यांना नागपूरला नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन-तीन महिने मी मोटारसायकलनं लांबच्या रस्त्यानं शाळेत जात होतो. फाल्गुनात मामा परतले आणि म्हणाले, "चला गुरुजी, एक खेप मारून पाहू."

मोबाईल त्यांच्या खिशात. गालावरच्या उन्हाच्या अदमासानं त्यांनी डोंगा नेला, आणि काय अचूक नेला हो! घाट चार हातांवर आला. मी 'शाबास' म्हणणार, तोच मामांनी डोंगा वळवला. परत खोल पाण्याकडे.

"मामा, घाट इकडे! समोरच होता!"

वल्हं थांबलं. "मंग वाजलं काऊन नाही?"

खूण भरल्या धरणातली. आता पाणी उतरलं होतं, घाट पाण्यामागे खाली सरकला होता आणि माझी खूण वर कोरड्यात राहिली होती. बारा वर्षं दर उन्हाळ्यात हे पाहणारा मी, विसरलो! कसंबसं सांगितलं.

"पाणी उतरलं, घाट सरकला, मले मालूम होतं जी," मामा हळू म्हणाले. "हातालेही समजून राहिलं होतं. पण मनलं, यंत्राले जास्त समजत असंल."

मी म्हणालो, चूक माझी आहे, तुम्ही बरोबर होता. दहादा म्हणालो. त्यांनी वल्हं माझ्या मांडीवर ठेवलं. "लावा तुमीच."

मला वल्हवता येत नाही. बारा वर्षांत कधी हात लावला नव्हता. मी वल्हं मारत राहिलो आणि डोंगा जागच्या जागी गोल फिरत राहिला. मला रडू फुटलं. एरवी मामांनी शिव्या घातल्या असत्या. आता ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोंग्यातली सवारी बसते तसे बसून होते.